पाव्हण्यांनी आणलेलं नाव

कोल्हापूर,
रविवार

चि. झेनियास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, पासपोर्टचा अर्ज करण्याआधी राजपत्रात नाव बदलून ‘झिनिया’ करून घेते. निम्मे लोक तसंच म्हणतात, आणि उरलेले स्पेलिंगमधला पहिला ‘एक्स’ बघून ‘एक्सेनिया’ म्हणतात. मी गप्प बसलो म्हणून तुला वाटलं असेल, बाबा रागावले. रागावलो नव्हतो. हजेरी घेताना दरवर्षी नवे सर तुझ्या नावापाशी अडखळायचे आणि वर्ग हसायचा, हे तू बालवाडीपासून सोसलंस. नाव ठेवलं मी आणि त्रास झाला तुला. बदलायचा हक्क तुझाच आहे. पण ‘ग्रीक भाषेत आदरातिथ्य’ एवढ्यावर मी वीस वर्षं तुझी बोळवण केली, ते मला लागून राहिलं. निर्णय घेण्याआधी सगळं तुझ्यासमोर असावं, म्हणून हे पत्र.

आधी झिनियाचं सांगतो. ते फूल मूळचं मेक्सिकोचं. त्याला नाव मिळालं योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन प्राध्यापकाच्या आडनावावरून, आणि ते दिलं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं. झिन गटिंगेनला शिकवायचा, डोळ्याच्या रचनेवर त्यानं मोठं काम केलं आणि 1759 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक तंतूंनी धरलेलं असतं, त्यांनाही त्याचंच नाव आहे. आपल्या दारात झिनिया दरवर्षी फुलते, तुझ्या आईची ती आवडती. नावात वाईट काही नाही. पण तुझ्या नावाशी तिचं कसलंही नातं नाही, फक्त कानाला जवळ लागतं.

तुझं नाव मला कोशात सापडलं नाही, मक्याच्या कणसात सापडलं.

तुझ्या जन्माआधी मी बीजोत्पादनाच्या प्लॉटवर देखरेखीचं काम करायचो, हे तुला माहीत आहे. एकदा एक शेतकरी पोतंभर कणसं घेऊन आला. स्वीट कॉर्न लावलं होतं, आणि दाणे निघाले टपोरे, पिठूळ, बिनगोडीचे. बियाण्यात फसवणूक झाली असं त्याचं ठाम मत होतं. मी त्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो तर पलीकडे शेजाऱ्याचा साधा पिवळा मका, एकाच आठवड्यात पेरलेला. वारं त्या बाजूनं या बाजूला. शेजाऱ्याच्या तुऱ्यातले परागकण याच्या कणसाच्या केसांवर येऊन पडले होते. कणसाचा एकेक केस एकेका दाण्यापर्यंत जातो, म्हणून जितक्या केसांवर परका पराग पडला तितके दाणे पालटले. बियाणं चोख होतं.

आंब्यात असं होत नाही. हापूसच्या मोहोरावर पायरीचा पराग पडला तरी फळ हापूसचंच राहतं; फरक पडतो तो कोयीच्या आतल्या रोपात, आणि तो कळायला ती कोय लावून कित्येक वर्षं थांबावं लागतं. मक्यात मात्र पाहुणा आल्याचं त्याच हंगामात, त्याच कणसावर दिसतं. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला की पांढऱ्या कणसात पिवळे दाणे भरतात. 1881 साली विल्हेल्म ओल्बर्स फॉके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं या प्रकाराला नाव दिलं: झेनिया. ग्रीक भाषेत ‘क्सेनिया’ म्हणजे पाहुणचार, आणि पाहुणा व यजमान एकमेकांना देतात त्या भेटवस्तूंनाही तोच शब्द, फक्त आघात वेगळा. बाहेरून आलेल्या परागानं मातेच्या कणसाला दिलेली भेट, असं फॉकेनं ते पाहिलं.

हे घडतं कसं, ते त्याच्या नंतर कळलं. 1898 साली नावाशिन या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं की परागातून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीला मिळते आणि अंकुर होतो. दुसरी दाण्यातला पिठूळ भाग, म्हणजे भ्रूणपोष, तयार करायला लागते. त्या भागात दोन वाटे आईचे आणि एक वाटा बापाचा असतो. रंग आणि गोडी याच भागात असल्यामुळे बाहेरच्या बापाची ओळख लगेच पटते. पुढच्याच वर्षी कोरेन्स आणि द व्रीस या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी मक्यातल्या झेनियाचा उलगडा याच आधारे केला. दोन वाटे आईचे हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तू आईवर गेली आहेस असं सगळे म्हणतात, तेव्हा अजूनही तेच आठवतं.

1898 हेच साल आणखी एका गोष्टीचं. त्या वर्षी लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांना हवेत अगदी लेशमात्र असणारा एक वायू सापडला. इतका अनोळखी, की त्याचं नाव ‘परका’ ठेवलं: झेनॉन. गाडीच्या पांढऱ्या प्रखर दिव्यात असतो तो. तू आणि तो, दोघांचं मूळ एकच, ‘क्सेनोस’.

आता हा क्सेनोस. इंग्रजी कोश याला दोन अर्थ देतात, एक परका आणि एक पाहुणा, आणि बुचकळ्यात पडल्यासारखे दोन्ही शेजारी ठेवतात. मला मात्र त्यात काही कोडं वाटलं नाही. आपल्याकडे एसटीतून उतरलेल्या अनोळखी माणसाला पारावर बसलेला म्हातारा काय म्हणतो? “काय पाव्हणं, कुठलं गाव?” ना ओळख, ना नातं, तरी पहिल्या शब्दातच तो पाव्हणा होतो. क्सेनोस म्हणजे हेच पाव्हणं. याहून नेमका प्रतिशब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही.

जुन्या ग्रीकांचा या बाबतीत एक दंडक होता. दारी आलेल्याला आधी पाणी, मग जेवण, आणि नावगाव त्यानंतर. होमरच्या ‘ओडिसी’त समुद्रानं फेकून दिलेला ओडिसियस फेआशियन लोकांच्या राजाकडे येतो, जेवणखाण, खेळ, गाणी होतात, आणि राजा त्याचं नाव विचारतो ते त्याच्यानंतर. तोच ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या बेटावर परततो तेव्हा डुकरं राखणारा युमेयस त्याला ओळखत नाही, तरी जेवू घालतो. परके आणि भिकारी सगळे देवांचा राजा झ्यूस यानं धाडलेले असतात, असं त्याचं म्हणणं. झ्यूसचं एक नावच क्सेनिओस, पाहुण्यांचा राखणदार. हे नातं पिढ्या ओलांडून चालायचं. ‘इलियड’मध्ये ग्लॉकस आणि डायोमिडीस भर रणांगणात समोरासमोर येतात, एकमेकांची कुळं सांगतात आणि त्यांना कळतं की एकाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या आजोबांना वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं. दोघं रथातून उतरतात, हात मिळवतात, चिलखतांची अदलाबदल करतात. सोन्याचं देऊन कांस्याचं घेतलं, म्हणून होमर ग्लॉकसला वेडा म्हणतो. इथे मला होमर पटत नाही. पाहुणचारात मोजमाप आलं की संपलं.

हे सगळं मी नंतर वाचलं. नाव ठेवायचं ठरलं ते 2005 च्या महापुरात.

आपण तेव्हा शिरोळ तालुक्यात भाड्यानं राहत होतो. तुझी आई आठ महिन्यांची. रात्री पाणी गल्लीत आलं, पहाटे उंबऱ्याशी. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालो; ट्रॉलीवाल्यानं उंच माळावरच्या एका गावात सोडलं आणि तो पुढच्या माणसांना आणायला परत गेला. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं. पावसात आडोशाला उभे असताना एक आजी आली, तुझ्या आईकडे बघून म्हणाली, “पाव्हणं, पोरीला असं भिजवत उभं करत्यात का? चला घरला.” आत गेल्यावर आईला कोरडं लुगडं दिलं, चुलीपुढं बसवलं. गूळ-पाणी, मग भाकरी आणि झुणका. आमचं गाव कुठलं, जात कुठली, नाव काय, काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी घासताना, तिनं आईला नाव विचारलं. सहा दिवस राहिलो. निघताना मी खिशातून पैसे काढले तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं की मान खाली जाते. उलट आईच्या ओटीत खण, नारळ आणि आढ्याला टांगलेली मक्याची दोन कणसं घातली. पांढरी कणसं, मधे मधे पिवळे दाणे.

मी ती कणसं हातात धरून उभा राहिलो. तो प्रकार मला रोजच्या कामातला. त्या दिवशी त्याचं नाव पहिल्यांदा नाव म्हणून ऐकू आलं. तीन आठवड्यांनी तू झालीस. बारशाला तुझी आत्या म्हणाली, असलं कसलं नाव? आईनं मात्र एकदाच अर्थ ऐकला आणि कुर्रर केलं.

नाव इथे दुर्मीळ आहे, जगात नाही. रशियात ‘क्सेनिया’ घरोघरी आहे. युक्रेनमध्ये त्याचं ‘ओक्साना’ झालं, रशियाच्या खेड्यांत ‘अक्सिन्या’. खुद्द ग्रीसमध्ये ते बऱ्याचदा ‘पोलिक्सेनी’चं लाडकं रूप असतं, म्हणजे जिच्या घरी खूप पाहुणे येतात ती. पाचव्या शतकात रोममधून निघून गेलेल्या युसेबिया नावाच्या मुलीनं परमुलखात स्वतःचं नाव क्सेनिया, ‘परकी’, असं ठेवलं. पुढे ती संत झाली. पीटर्सबर्गची दुसरी संत क्सेनिया सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. तिचा नवरा दरबारी गायकवृंदात होता. तिनं घर आणि सगळं होतं ते वाटून टाकलं आणि नवऱ्याचा लष्करी कोट अंगावर घालून आयुष्यभर रस्त्यावर फिरत राहिली. 1988 साली रशियन चर्चनं तिला संतपद दिलं. पीटर्सबर्गमधल्याच स्मोलेन्स्क दफनभूमीत तिची समाधी आहे. परकेपण हौसेनं पत्करलेल्या या बायका मला फार मोठ्या वाटतात.

नावं तोंडातोंडांतून बदलतात, त्याचं मला दुःख नाही. माळावरच्या आजीला तुझं नाव कधी नीट म्हणता आलं नाही. ती तुला ‘जेनाक्का’ म्हणायची. शेवटच्या वर्षी दिसेनासं झालं होतं तरी तुझा आवाज ऐकून म्हणाली, “आली का माझी जेनाक्का?” तुला आठवत असेल, तू नववीत होतीस. ओक्साना आणि अक्सिन्याच्या रांगेत हे आणखी एक रूप, फक्त एका घरापुरतं.

राजपत्राच्या अर्जासोबत माझी काही कागदपत्रं लागणार असतील तर कळव, लगेच पाठवतो. ‘झिनिया’ केलंस तरी मी पत्रावर तेच लिहीन. फक्त जन्मदाखल्यावरचं जुनं नाव तू कुणाला सांगशील तेव्हा त्याचा अर्थ ‘आदरातिथ्य’ असा सांगू नकोस. ‘पाव्हणं’ सांग.

परसातल्या मक्याला केस फुटलेत. त्या दोन कणसांचं बी आईनं दरवर्षी धरलंय, अजून मधे मधे पिवळे दाणे येतात. पुढच्या महिन्यात ये, हुरड्याला येतील. त्यातली चार कणसं आजीच्या नातसुनेला द्यायची आहेत. गाडी तू चालव, माझा गुडघा दुखतो.

तुझा,
बाबा