आंबोलीच्या ओढ्यावर भेटलेल्या मामांना

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हिरण्यकेशीच्या देवळाच्या वाटेवरच्या ओढ्यात तुम्ही माझ्या लेकीसाठी जे केलंत, ते आठवलं की अजून घसा दाटून येतो.

त्याआधी आम्ही पैसे मोजून एका निसर्गशिबिराला गेलो होतो. धबधब्यापाशी फोटो, चमचमीत जेवण, रात्री शेकोटी. लेकीनं विचारलं, ''पाण्यात कोण कोण राहतं?'' उत्तर मिळालं, ''किडे असतात, हात घालू नकोस.'' शिकवायचे पैसे घ्यायचे आणि पोरांचे प्रश्नच असे मोडून काढायचे! मला आजही याचा संताप येतो.

तुम्ही कुर्ल्या धरायला निघाला होतात. तिचा तोच प्रश्न ऐकून हातातलं काम सोडून थांबलात. वाहत्या पाण्यातला एक धोंडा उचलून तिच्यासमोर उलटा धरलात. खालच्या अंगाला चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लाय या कीटकाची पिल्लं सैरावैरा पळत होती. पोटाच्या कडेला त्यांचे कल्ले थरथरताना दिसत होते. दोन शेपट्यांची एक स्टोनफ्लाय होती, तिला स्वच्छ, खळाळतं पाणीच लागतं. आणि वाळूचे कण रेशमानं जोडून स्वतःपुरती नळी बांधणारी कॅडिसफ्लायची अळी! ही नावं आम्ही घरी येऊन शोधली. तुम्ही फक्त दाखवत होतात, ''ह्यां बघ, ह्यां बघ'' म्हणत.

मग तुम्ही तो धोंडा परत ठेवलात. टाकला नाहीत, ठेवलात. आधी पाण्यात हात घालून त्याचा खळगा चाचपलात, तीच बाजू खाली बसवलीत, डुगडुगत नाही ना ते दाबून पाहिलंत. ''धोंडो होतो तसो ठेवचो, बाय. तेंचा घर आसा ता.'' त्या जिवांची अंडी, कोश, लपण, बहुतेक सगळं त्या एका बाजूला असतं. तुम्हाला हे कुणी शिकवलं असेल? कुणी बघत नसतानाही तुम्ही असाच ठेवत असणार, याची मला खात्री आहे. कुणाच्या तरी घराला हात लावताना एवढं जपणारी माणसं आहेत, म्हणून लेकरांना बाहेर न्यावंसं वाटतं.

हिरण्यकेशीच्या देवळापाशी सापडलेल्या छोट्या माशाला 2020 मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. फार चांगलं झालं. पण वरच्या ओढ्यांतल्या धोंड्यांना कसलाच फलक नाही, तिथं तुम्हीच आहात.

लेक आता कुठल्याही ओढ्यावर गेली की धोंडा उलटते, बघते आणि होता तसा बसवते. मैत्रिणींनाही तसंच करायला लावते. तिनं तुमच्यासाठी एक भिंग घेतलंय. पाऊस उघडला की आम्ही येतोय, तेव्हा ती स्वतःच्या हातानं देईल.

तुमची,
त्या मुलीची आई