कर्णबधिर मुलांच्या हाती माइक, वर्गाच्या हाती खुणा

महोदय,

माझी नात कर्णबधिर असून ती नागपुरातील एका सर्वसाधारण शाळेत शिकते. येथे मार्च लागला की वर्गातले पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर ती घरघरही मोठी करते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा बिनतारी माइक आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवत असल्यामुळे धडा तिला समजतो. मात्र मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिले किंवा शंका विचारली, की ती पुन्हा एकटी पडते. तिच्या बाईंनी यावर साधा उपाय काढला: जो बोलेल त्याने माइक हातात घ्यायचा. मला तर हा उपाय यंत्राहून मोलाचा वाटतो.

मात्र नात खुणा करून बोलते, तेव्हा मैत्रिणींना काहीच उमगत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा चित्रफीत-कोश २०२१ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यातील एक-दोन खुणा रोज परिपाठाच्या वेळी पडद्यावर दाखवल्या, तर वर्षभरात सारा वर्ग तिच्याशी बोलू लागेल. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहेच. महापालिका व जिल्हा परिषदेने येत्या सत्रापूर्वी निदान प्रत्येक शाळा-केंद्रात (जवळपासच्या शाळांच्या गटात) असा एक शिक्षक द्यावा, ही विनंती.

– एक आजोबा, नागपूर