दारू सोडायचीय ना, मग एकट्याने सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन आला. "सोमवारपासून बंद. कुणाला सांगणार नाही, करूनच दाखवणार," म्हणालास. मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण अगदी हेच मीही ठरवलं होतं, आणि त्यानंतरचे दोन दिवस मला आजही विसरता येत नाहीत. म्हणून हे पत्र. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

तुला माहीत आहे, मी रोज रात्री प्यायचो. शेवटी शेवटी सकाळीही घोटभर घेतल्याशिवाय अंगात जीव यायचा नाही, हे मात्र तुलाही माहीत नव्हतं. एका दुपारी लपवून ठेवलेली बाटली मोरीत ओतली आणि घरात अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावायला उभा राहिलो. बटण काजापर्यंत न्यायचो आणि बोटं भलतीकडेच जायची. पुन्हा न्यायचो, पुन्हा तेच. तेवढ्यानेच घामाने शर्ट ओला झाला. ही आली, काही न विचारता तिने एकेक बटण लावलं. तेव्हाही मी बोललो नाही. दोन दिवस कळ काढू, मग झालंच, असं वाटलं. त्याच रात्री मला फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो, जीभ चावली गेली होती, आणि ही पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

असं का होतं ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. दारू मेंदूला मंद करते. रोज प्यायलं की मेंदू त्या गुंगीशी झगडायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम काढून घेतली की गुंगी जाते, पण वाढवलेला वेग तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, कुठे आहोत याचं भान राहत नाही. यात माणसं दगावतात. सगळ्यांनाच एवढं होतं असं नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याला, सकाळी थरथरणाऱ्याला आणि आधी फिट येऊन गेलेल्याला होऊ शकतं. दर वेळी सोडून पुन्हा धरलं की पुढचं सोडणं जास्त जड जातं. तू आजवर चारदा सोडलीस, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा सोमवारी बाटली ओतायच्या आधी डॉक्टर गाठ. तोवर एकदम बंद करू नकोस. मध्येच भास झाले किंवा फिट आली तर मात्र वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं. डॉक्टर काही दिवस शांत करणारी औषधं देतात आणि त्यांचा डोस रोज उतरवत नेतात. सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याने मेंदूला इजा होऊ शकते. त्या शांत करणाऱ्या गोळ्या कुणाच्या तरी उरलेल्या मागून घेऊ नकोस. दारूबरोबर पोटात गेल्या तर श्वास थांबू शकतो.

पुढे तल्लफ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट. मला पहिलीचा उपयोग झाला. तुला कोणती चालेल ते तुझं लिव्हर आणि किडनी तपासून डॉक्टर ठरवतील. दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिराम नावाच्या गोळीचं एक सांगून ठेवतो. त्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी स्वतः समजून उमजून घ्यायची. जेवणात गुपचूप मिसळून देण्याचा सल्ला वहिनींना कुणी दिला तर त्यांनी तो मुळीच ऐकू नये.

हा झाला पहिला आठवडा. खरी कसोटी त्यानंतर, संध्याकाळी. तल्लफ आली की वाटतं आता ही वाढतच जाणार. तसं होत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ निभावायचा. मी उपाशी असलो, चिडलेला असलो, एकटा असलो किंवा थकलेलो असलो की ती हटकून यायची. म्हणून आधी खाऊन घ्यायचो, मग घराबाहेर पडायचो आणि चालता चालता फोन लावायचो. झोप कित्येक आठवडे नीट लागत नाही, त्याला घाबरू नकोस. आणि कुणी "बसायचं का?" म्हटलं तर "आज नको" म्हणू नकोस. "आज नको" म्हटलं की उद्याचं बोलावणं येतंच. "मी पीत नाही" एवढंच म्हण. पहिल्यांदा ते म्हणताना माझा आवाज कापला होता.

फोन कुणाला लावायचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन हा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून काही महिने झाले होते, कामाचा सौदा फिसकटला होता आणि शेजारीच बार होता. त्याने फोन लावत लावत दुसरा दारुडा शोधून काढला. तो डॉक्टर बॉब स्मिथ. उपदेश करायला नव्हे, स्वतःची दारू टळावी म्हणून बिलला कुणाशी तरी बोलायचं होतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटांची, सुरुवात तिथून झाली. तशा गटाच्या माझ्या पहिल्या मीटिंगला मी दाराशीच बसलो होतो, केव्हाही उठता यावं म्हणून. एक म्हातारे गृहस्थ सकाळच्या थरथरीबद्दल बोलले, बटणांबद्दलही बोलले. मी शेवटपर्यंत बसलो. मीटिंगमधली देवाची भाषा तुला रुचणार नाही, मला माहीत आहे. मग समुपदेशक गाठ, दुसरा गट शोध. पण ज्याच्यापुढे काहीही लपवावं लागत नाही असं एक तरी माणूस हवंच.

सातव्या महिन्यात माझी घसरण झाली. एक पेग. "आता गेलंच सगळं" या विचाराने पुढचे चार घेतले. त्या चारांना पहिल्या पेगपेक्षा तो विचारच जास्त कारणीभूत होता, असं मी आजही मानतो. तुझ्यावर तशी वेळ आली तर पहिल्यालाच थांब आणि मला फोन कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

वहिनींना आजच सांग. त्यांनी पहारा करावा म्हणून नाही, तर रात्री काही झालं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक असावं म्हणून. डॉक्टरांकडे कधी जायचं ते कळव, मी सुट्टी टाकून येतो. ते विचारतील रोज किती घेता. मी तेव्हा निम्मं सांगितलं होतं आणि ही शेजारी गप्प बसली होती. तू खरा आकडा सांग. माझ्यासमोर जड जात असेल तर मी बाहेर बाकावर बसेन.

तुझाच,
जिवलग मित्र