नॉर्मल एक्स-रेबद्दल

प्रिय सुधीर,

तुझं पत्र काल मिळालं. ‘धाकट्याचा एक्स-रे नॉर्मल आला, जीव भांड्यात पडला’ हे वाचलं आणि रात्री मला झोप लागेना.

चोविशीतला पोरगा, पहाटे तीनला कंबर धरून उठतो, चाललं की बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं. अरे, ही तर माझीच गत! हॉस्टेलच्या व्हरांड्यात पहाटे येरझारा घालताना तू मला पाहिलंयस. मोजे घालायचे तर पाय खाटेवर ठेवून, श्वास रोखून.

माझाही एक्स-रे नॉर्मलच होता. एक्स-रेत हाडाची झीज दिसते, आतली सूज दिसत नाही, आणि झीज दिसण्याइतकी व्हायला वर्षं जातात. १९८४ च्या निदानाच्या निकषांत एक्स-रेवर बदल असल्याशिवाय अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचा हा संधिवात, धरतच नसत. २००९ च्या निकषांत एमआरआयवरची सूजही आली.

पण एमआरआय कुठला, ते नीट विचार. माझा आधी नुसता कंबरेचा काढला. ‘गादी किंचित सरकलीय’ म्हणून पट्टा दिला, त्यात दीड वर्ष गेलं. त्याचा राग अजून जात नाही. दुखणं त्याच्या खाली होतं, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना, एसआय जॉइंटमध्ये, म्हणजे कण्याचं खालचं टोक कंबरेच्या हाडाला जुळतं त्या सांध्यात. कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयत हा सांधा बहुधा नीट येत नाही. तो वेगळा सांगून काढावा लागतो.

पुढे संधिवाततज्ज्ञ बाईंनी पडद्यावर दाखवलं. एमआरआयच्या ‘स्टिर’ पद्धतीत चरबी काळी पडते, सुजेतलं पाणी पांढरं उठतं. सांध्याच्या कडेला हाडात पांढरे ढग उतरले होते. त्यांनी बोट ठेवलं आणि माझा हात आपोआप कमरेवर त्याच जागी गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझं दुखणं दिसलं होतं.

नुसत्या पांढऱ्या डागावर मात्र निदान होत नाही. खूप धावणाऱ्यांत, बाळंतिणींतही तसा डाग दिसू शकतो. म्हणून त्या तासभर विचारत होत्या: डोळा लाल होतो का, घरात कुणाला सोरायसिस आहे का. रक्तात एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली जनुकीय खूणही पाहिली. आता औषध चालू आहे. दर वेळी एमआरआय लागत नाही. त्रास आणि सीआरपी, म्हणजे सूज सांगणारी रक्ततपासणी, बघतात. एक्स-रे काढलाच तर दोन वर्षांच्या आत पुन्हा नाही.

त्याला याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञाकडे ने. आणि तो नॉर्मल एक्स-रे टाकू नकोस, पुढे ताडून बघायला तोच लागेल.

तुझा,
अविनाश