जाळीचा एक फास कातरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. चारचौघांत झालेलं कौतुक तुम्हाला रुचत नाही, हे तुमच्याशी दोन शब्द बोललेल्या कुणालाही कळेल. आभार मात्र उघडच मानायचे आहेत. गळ घेऊन कार्प माशाच्या मागे लागलेल्या नवख्या माणसाला तुम्ही जे दिलंत, ते बाकी कुणी देत नव्हतं.

सल्ल्यांची वानवा कधीच नव्हती. "आणखी लांब फेक." "तंगूस (गळाची दोरी) जाड घाल." "गळ आमिषात पुरता लपव." "हा रॉड बदल, यावर कार्प लागायचा नाही." का, असं विचारलं की एकतर उत्तर नसे, नाहीतर विकायची नवी वस्तू पुढे येई. जाणकार म्हणून मिरवणाऱ्यांनी एकदाही मासा खातो कसा हे सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही सामानाच्या पेटीला हातसुद्धा न लावता माशाच्या तोंडापासून सुरुवात केलीत.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो तळाशी वाकतो, मिशांनी चाचपतो, तोंड नळीसारखं पुढे काढून गाळासकट सगळं आत ओढतो आणि नको ते फुंकून बाहेर टाकतो. हे सगळं क्षणभरात होतं. टणक आमिषात गळ पुरता दडवला, की त्याची अणी आमिषातच रुतलेली राहते; मासा आमिष ओढतो, काहीतरी खटकतं, फुंकतो आणि आमिषाबरोबर गळही बाहेर पडतो. काठावरच्या माणसाला दिसतं ते एवढंच, की तंगूस जरा थरथरला आणि पुन्हा शांत झाला. म्हणून आमिष गळावर नको, गळाच्या मागे केसाएवढ्या दोऱ्यावर हवं. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ही हेअर रिग, म्हणजे आमिष केसावर टांगायची गळाची बांधणी, बसवली, तेव्हा सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस वापरला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं.

ती बांधायची तुमची पद्धत जशीच्या तशी इथे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यालाही तिचा उपयोग होईल. साधारण २५ सेंटिमीटर विणलेला दोरा घ्यायचा, टोकाला छोटा फास करायचा. आमिष ओवून तो फास अडकवायचा. दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून (दांड्याच्या टोकाच्या छिद्रातून) पाठीकडून आत घालायचं आणि आमिष व गळाचा बाक यांत ५ ते १० मिलीमीटर मोकळी जागा राहील असं ओढायचं. मग लांब टोकाचे दांड्याभोवती सात-आठ वेढे घट्ट, एकाशेजारी एक. शेवटी तेच टोक पुन्हा डोळ्यातून घालायचं, आणि चूक होते ती इथेच. ते पाठीकडून अणीच्या बाजूलाच निघालं पाहिजे. उलटं घातलं तर ओढ बसल्यावर गळ वळत नाही, सरळ घसरत बाहेर येतो. गाठ आवळण्यापूर्वी ओली करायची. नायलॉनच्या तंगुसाला तर हे हवंच, कारण कोरड्या घर्षणाने तो तापतो आणि नेमका गाठीशी कमजोर होतो.

आणि दोन परीक्षा. तयार रिग तळहातावर आडवी ठेवून हळू ओढायची. गळ वळून कातडीला टोचू पाहायला हवा. अणी अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढायची. रुतली तर ठीक, घसरली तर गळ बदलायचा. जड शिशाच्या रिगवर मासा स्वतःच्याच झटक्याने अडकतो, माणसाने रॉड उचलायच्या आधी. तिथे बोथट गळ असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया.

शिशाबद्दल तुम्ही जितके कडक होतात तितके कशाहीबद्दल नव्हतात. ८५ ग्रॅमचं शिसं चालेल, पण तंगूस तुटला तर ते त्याला धरणाऱ्या क्लिपमधून सुटलंच पाहिजे. क्लिपच्या मागची रबरी टोपी लोक शिसं पडू नये म्हणून शेवटपर्यंत दाबून बसवतात. मग तंगूस तुटल्यावर मासा ते वजन घेऊन फिरतो, झाडाच्या मुळांत गुंततो आणि तिथेच मरतो. टोपी अर्धवट बसवायची. शिसं गेलं तर जाऊ दे, असं तुम्ही म्हणालात.

चाऱ्याचंही तसंच. सुका मका किंवा हरभरा कोरडा पाण्यात टाकणाऱ्यांवर तुम्ही चिडलात ते योग्यच होतं. दाणा माशाच्या पोटात फुगला तर जिवावर बेततं. २४ तास भिजवायचा, अर्धा तास उकळायचा, त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचा. दोन-तीन मुठी पुरतात. मासे खाऊ लागल्याचे बुडबुडे दिसेपर्यंत आणखी टाकायचा नाही.

पण हे सगळं विसरलं तरी जे विसरणार नाही, ते वेगळंच आहे.

जाळीत आलेल्या कार्पच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा जाळीत अडकला होता. कॉमन कार्पचा हा काटा टणक असतो आणि त्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. बारीक जाळी त्या दात्यांत शिरली की जितकं ओढावं तितकी घट्ट बसते. बहुतेक जण काय करतात तेही पाहिलेलं आहे: एक हिसका. काटा मोडतो, पराचा पडदा फाटतो, आणि मासा "सोडून दिला" म्हणून समाधान मानलं जातं. तुम्ही आधी ओंजळीने चटई भिजवलीत, मग दोन्ही तळहात. गुडघे टेकून बसलात. एक ओला हात माशाच्या डोळ्यावर ठेवलात, तसा तो शांत झाला. दाते कुठल्या बाजूला वळलेत ते बोटाने पाहिलंत, एकदा जाळी मागे सरकवून बघितलीत, ती सुटेना. मग खिशातून छोटी कातर काढून स्वतःच्या चांगल्या जाळीचा तेवढा एक फास कातरलात. काटा मोकळा झाला, एक दाताही न दुखावता. "जाळी शिवता येते," एवढंच बोललात. फोटोसाठी मासा उचलायचा विषयही निघाला नाही. तो ओल्या झोळीतून पाण्यात नेलात आणि कल्ले संथ चालायला लागेपर्यंत सरळ धरून ठेवलात. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो, म्हणून घाई केली नाहीत.

त्या एका कातरीने तुमचं बाकीचं सगळं शिकवणं खरं ठरवलं. ज्याला माशाची एवढी काळजी, त्याचं रबरी टोपीबद्दलचं बोलणं नुसता नियम राहत नाही. हा सभ्यपणा माणसांशी वागतानाही तुमच्यात दिसतो. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याच्या तंगुसावरून तुमचा तंगूस कधी जात नाही, त्याच्या चाऱ्याच्या जागेवर तुमचं शिसं आदळत नाही, आणि तुटलेल्या तंगुसाचा वीतभर तुकडाही काठावर राहत नाही. पक्ष्यांच्या पायांत अडकतो म्हणून तुम्ही तो बारीक कापून घरी नेता. अशी माणसं काठावर असली की नवखाही आवाज न करता चालायला शिकतो.

महागड्या सामानाशिवाय कार्प लागत नाही म्हणणाऱ्यांना तुम्ही १९५२ चा दाखला देता, तोही फार आवडतो. इंग्लंडमधले गळकरी रिचर्ड वॉकर यांनी तिथल्या रेडमायर तळ्यातला ४४ पौंडांचा कार्प धरला तो बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या रॉडवर, पावाच्या आमिषावर. साध्या फ्लोटवरही (तंगुसाला लावलेल्या तरंगत्या खुणेवरही) तुमचा तेवढाच भरवसा. गळापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर एक शिशाची गोळी, ती तळाला टेकलेली; मासा आमिष उचलतो तेव्हा गोळीचा भार सुटतो आणि फ्लोट बुडायच्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. झटका तेव्हाच द्यायचा. "फ्लोट बुडेपर्यंत थांब" असं सांगणाऱ्यांनी किती मासे घालवायला लावले असतील! आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की तंगूस सुटू देणारा ब्रेक: साडेपाच किलो ताण सोसणाऱ्या तंगुसाला साधारण दीड किलोच्या ओढीवर सुटायला हवा, हे ताणकाट्याने मोजून दाखवणारेही तुम्ही एकटेच.

आता एक शंका राहिली आहे, ती या पत्रातच विचारतो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की कार्प मंदावतो, आमिष कमी जोराने ओढतो आणि फार दूर सरकत नाही, हे तुम्ही सांगितलं होतं. अशा वेळी १५ मिलीमीटरच्या आमिषाच्या गोळ्याऐवजी १० चा वापरायचा हे समजलं. मग गळही एक आकार लहान करायचा, की गळ तोच ठेवून केस (आमिषाचा बारीक दोरा) आखूड करायचा? आणि रिगचा विणलेला दोरा १५ सेंटिमीटरपेक्षा कमी केला तर गाळ जाड असलेल्या जागी आमिष आत बुडणार नाही का? सवडीने कळवा.

तुमचा ऋणी,
काठावरचा एक शिकाऊ