सतरंजीवर सुधारणारा गोल्फ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोल्फचे मैदान गाठायचे तर विदर्भातल्या बहुतेक हौशी खेळाडूंना नागपूरची वाट धरावी लागते. आर्वी, वणी, दर्यापूर, मूल अशा गावांतल्या माणसाला महिन्यातून एखाद-दुसरा रविवार मिळतो. मग तिथे जाऊन तो तीन तास ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, चेंडू मारत बसतो आणि स्कोअर जिथल्या तिथे राहतो. मैदान दूर असलेल्यांचा खेळ घरातच सुधारतो, आणि तोही सरावाच्या वेळी मन जागेवर असेल तरच. हे नीट समजावून सांगणारे मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

हिशेब साधा आहे. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत पुरे करायच्या मैदानात १८ होलना (चेंडू घालायच्या भोकांना) प्रत्येकी दोन, असे ३६ फटके पटरचे, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायच्या काठीचे धरलेले असतात. निम्मा खेळ जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचा, आणि त्याला लागते फक्त तीन मीटर सपाट जागा.

ही जागा निवडताना बहुतेकांची पहिली चूक होते. शहाबादी फरशी किंवा टाइल्सवर चेंडू घसरत जातो, त्यामुळे हात हलका मारायला शिकतो आणि मैदानावर प्रत्येक फटका अपुरा पडतो. शेणाने सारवलेल्या अंगणात उलट होते, चेंडू अडखळतो आणि खडे त्याला वळवतात. घट्ट विणीची जाड सतरंजी किंवा रबरी पाठीचा गालिचा चांगला. त्याची गती जोखायला अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप घ्यावा, ७६ सेंटिमीटर लांब. एक टोक जमिनीवर, दुसरे २६ सेंटिमीटर उंच (साधारण २० अंशांचा उतार होतो). वरून सोडलेला चेंडू खाली येऊन सपाटीवर अडीच मीटरच्या आसपास थांबला, तर तुमची सतरंजी ढोबळमानाने साध्या ग्रीनसारखी, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीसारखी आहे. चार मीटरच्या पुढे गेला तर खाली गोधडी घालावी.

आता नेम. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. पटरचे तोंड एक अंशाने जरी वाकडे असले, तरी दोन मीटरवर चेंडू साडेतीन सेंटिमीटर बाजूला जातो, तीन मीटरवर सव्वापाच, चार मीटरवर सात. म्हणजे एका अंशाची चूक दोन मीटरवर खपते, तीन मीटरवर नशिबावर जाते आणि चारवर हमखास चुकते. म्हणून घरी फार लांबून मारण्यात हशील नाही. एक ते तीन मीटर पुरे. चेंडूच्या पुढे ३० सेंटिमीटरवर टॉर्चचे दोन जाड सेल उभे करावेत, मध्ये सहा सेंटिमीटरची फट ठेवावी. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, त्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम नऊ-नऊ मिलिमीटर उरतात. सेल पडला तर तोंड वाकडे होते, एवढे निदान लगेच मिळते. सारखा उजवाच सेल पडत असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पटरचे तोंड उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले राहते आहे. अनेकदा कारण हातात नसून डोळ्यांत असते. गवंड्याचा ओळंबा दोन भुवयांच्या मधून सोडून पाहावा. तो चेंडूवर किंवा किंचित आपल्या पायांच्या बाजूला यायला हवा. चेंडूपलीकडे पडत असेल तर आपण फार वाकलो आहोत, आणि मग सरळ रेषाही तिरपी दिसते.

एकाच जागेवरून सलग वीस चेंडू मारू नयेत. पाचव्या चेंडूनंतर हात आपोआप चालतो, समाधान मिळते, शिकणे मात्र थांबते. मैदानावर तोच फटका दुसऱ्यांदा मिळत नाही. चेंडू एकच घ्यावा आणि दर वेळी अंतर बदलावे. एक मीटर, मग तीन, मग दोन. शेवटी एक मीटरवरून सलग दहा, आणि एक हुकला की पुन्हा पहिल्यापासून. आठव्या-नवव्या चेंडूला छातीत जी धडधड होते, ती घरबसल्या मिळालेली मैदानाची धडधड आहे. मनाचे काम इथूनच सुरू होते.

‘मन शांत ठेवा’ या सल्ल्याने कुणाचे भले होत नाही, कारण त्यात करायचे काय तेच सांगितलेले नसते. आपल्याकडे हे शिकायला लांब जायला नको. गुरुदेव सेवा मंडळाचे सकाळचे सामुदायिक ध्यान गावोगावी चालते, विपश्यनेतली आनापान साधनाही अनेक घरांत ठाऊक आहे. पहाटे दहा मिनिटे ताठ बसावे, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहावा, एक ते दहा मोजावे. मोजणी हरवली की चिडचिड न करता परत एकवर यावे. लक्ष सुटणारच. सुटले हे ओळखून परत येणे हाच सराव आहे, आणि मैदानावर नेमके तेच लागते. विचार थांबत नाहीत म्हणून आठ दिवसांत सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांनी चुकीची अपेक्षा धरलेली असते.

फटक्याच्या वेळी मात्र हे लक्ष शरीरावर लावू नये. यावर मुद्दाम जोर देतो, कारण अर्धवट सल्ल्यातून इथेच नुकसान होते. मनगट कसे फिरते, कोपर कुठे आहे, हे मारता मारता पाहायला लागलात तर मुरलेली हालचालही अडखळते. शरीराकडे लक्ष सरावाच्या पहिल्या पाच मिनिटांत द्यावे. ग्रिप, म्हणजे काठीची मूठ, किती दाबली आहे, जबडा आवळला आहे का, श्वास रोखला आहे का, हे तेव्हा तपासून घ्यावे. नंतर लक्ष बाहेर, म्हणजे चेंडू आणि रेषा यांवरच. कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधक जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास मांडला. कसलेल्यांची नजर फटक्याआधी चेंडूवर स्थिर राहते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच टिकते, नवख्यांची भिरभिरते. घरी याची सवय सोपी आहे. चेंडूखाली सतरंजीवर खडूचा ठिपका करावा, आणि चेंडू निघून गेल्यावर तो ठिपका दिसल्याशिवाय मान वर करू नये.

प्रत्येक चेंडूआधी क्रम तोच असावा. चेंडूमागे उभे राहून रेषेवरची अर्ध्या मीटरवरची एखादी खूण निवडावी. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दोनदा. पुढे येऊन पटरचे तोंड त्या खुणेकडे लावावे, होलकडे एकदाच पाहावे, नजर चेंडूवर आणावी, मारावे. पटर मागे नेण्याला पुढे आणण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागावा. भजनाच्या ठेक्यावर हे पटकन बसते. हा सगळा क्रम २५ ते ३० सेकंदांत आटोपतो, आणि २०१९ पासूनचे नियम एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका असेच सुचवतात. फटका बिघडला तर दहा पावले राग येऊ द्यावा, अकराव्या पावलापासून जमिनीला टेकणाऱ्या टाचा मोजाव्यात.

चिपचा, म्हणजे चेंडू थोडा उचलून जवळ टाकायच्या फटक्याचा सराव सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) करता येतो, पण वाळलेल्या काळ्या मातीवर वेज (त्या फटक्याची तिरप्या तोंडाची काठी) आदळून उसळते आणि मनगट दुखावते. काथ्याचे जाड पायपुसणे खाली घ्यावे आणि भोके असलेले प्लॅस्टिकचे चेंडूच वापरावेत. खऱ्या चेंडूचा ड्रायव्हरचा फटका ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. शेजारची कवेलू, गोठ्यातली जनावरे आणि खेळणारी मुले यांच्या जवळपास तो मारूच नये. शेडनेटच्या एका पदराच्या भरवशावर तर मुळीच नाही. उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत उरकावा. घामाने ग्रिप निसटते, मग माणूस ती आवळतो आणि तिथेच ताल जातो. ग्रिप कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी.

रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. वहीत तीनच नोंदी कराव्यात. चेंडू कोणत्या बाजूने हुकला, अपुरा पडला की पुढे गेला, आणि मारताना मन कुठे होते. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात. महिन्याभराने उपयोगी पडतो तो तोच.

आपल्या दैनिकामार्फत एक मागणी. तालुका क्रीडा संकुलांत दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी कृत्रिम हिरवळीची एक पट्टी आणि तिच्यात १०८ मिलिमीटरची दोन होल, एवढी सोय करावी. ती थेट काळ्या मातीवर टाकू नये. आपली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, एका वर्षात पट्टीला लाटा येतील. फूटभर माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलर फिरवावा, वर दोन इंच दगडाची बारीक कच दाबावी आणि पाणी वाहून जाईल इतकाच, शंभराला एक, उतार ठेवावा.

आपला,
एक गोल्फप्रेमी वाचक,
आर्वी, जि. वर्धा