"दिवसाला किती?" असं विचारणाऱ्या सिस्टरमावशींना

प्रिय सिस्टरमावशी,

साष्टांग नमस्कार.

परवा तुमचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खालीच उभी होते, पण आभाराचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. निघाला असता तरी तुम्ही "गप रव गो" म्हणून हात झटकला असतात. म्हणून लिहितेय. आणि उघडं लिहितेय, कारण ज्या दुखण्यात तुम्ही मला हात दिलात ते, ॲडेनोमायोसिस नावाचं गर्भाशयाचं दुखणं, आपल्याकडे कितीतरी जणींना असतं आणि त्यांना त्याचं नावही माहीत नसतं. तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचावं, असं मला फार वाटतं.

2016 साली लग्न होऊन मी लालबागला, आपल्या चाळीत आले. पाळीत दुखणं शाळेपासूनचं. आई म्हणायची, "आम्हालाही दुखायचं, कुणी मेलं नाही." लग्नाआधी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, एक मूल झालं की थांबेल. 2018 पासून आम्ही प्रयत्न करत होतो आणि मूल तर होत नव्हतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दर वेळी 'बल्की युटेरस' असं यायचं. "पिशवीला थोडी सूज आहे" एवढंच ऐकून, गोळ्या घेऊन मी घरी यायची. एकीने तर सरळ सांगितलं, "इतका त्रास असेल तर पिशवी काढून टाका." मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.

जून 2022 मधली ती सकाळ तुम्हालाही आठवत असेल. पाळीचा तिसरा दिवस होता. ऑफिसला निघाले आणि गॅलरीतच डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी मी तुमच्या उंबऱ्यावर बसले. तुम्ही तांदूळ निवडत होतात. ताट बाजूला सरकवलंत, माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितलीत, मग नखं दाबून बघितलीत. आणि विचारलंत, "दिवसाला किती पॅड?"

"दहा. कधी बारा."

"गाठी जातात? केवढ्या? रुपयाएवढ्या की त्याहून मोठ्या?"

"मोठ्या."

"किती वर्षं?"

त्या तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नाही, रडूच फुटलं. तोवर मला सगळ्यांनी "खूप दुखतं का गं?" असंच विचारलं होतं. त्यावर हो म्हटलं की समोरची म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं. किती, केवढं, कधीपासून, हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही केईएम हॉस्पिटलला नर्स म्हणून तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तुम्हाला माझ्या सोसण्याचं कौतुक नव्हतं, तुम्हाला आकडा हवा होता. तो आकडा ऐकून तुमचा चेहरा बदलला, आणि आपलं दुखणं खरं आहे हे मला पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर दिसलं.

त्याच दिवशी तुम्ही रक्त तपासायला लावलंत. हिमोग्लोबिन 6.8. बाईचं 12 च्या खाली गेलं तरी कमी धरतात, 8 च्या खाली गंभीर, हे मला तुमच्याकडून कळलं. मी मात्र त्याच अंगाने रोज करी रोडचा पूल चढत होते आणि धाप लागते म्हणून स्वतःला आळशी समजत होते. लोहाची सलाइन लावायला तुम्ही सोबत आलात. घरी आल्यावर दटावलंत की लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही, लिंबूपाणी घे.

मग तुम्ही आमच्या दाराच्या खिळ्यावरचं कालनिर्णय काढलंत आणि निळं पेन माझ्या हातात दिलंत. एका पॅडला एक टिंब. गाठ गेली तर टिंबाभोवती गोल. दुखणं दहापैकी किती, तो आकडा कोपऱ्यात. कामावर जाता आलं नाही तर फुली. तीन महिने मी हे इमानाने केलं. त्या तीन पानांवर तिथी आणि संकष्टीच्या शेजारी माझी टिंबं दाटीवाटीने बसली होती. ती पानं तुम्ही नव्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर पसरलीत. त्यांनी चष्मा लावून एकेक चौकोन वाचला आणि एमआरआय लिहून दिला. जे मला इतकी वर्षं बोलून सांगता आलं नाही ते तीन पानांनी दहा मिनिटांत सांगितलं. हे पत्र वाचणाऱ्या एखादीला काही करायचं असेल तर तिने एवढं नक्की करावं.

एमआरआयमध्ये निघालं ॲडेनोमायोसिस. गर्भाशयाचं अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या पट्ट्याला जंक्शनल झोन म्हणतात. त्याची जाडी 12 मिलिमीटर किंवा जास्त भरली की या आजाराचा दाट संशय घेतात. माझी 16 होती. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. संध्याकाळी तुम्ही मला आपल्या जिन्याखालच्या भिंतीपाशी नेलंत आणि पोपडे आलेल्या जागी बोट ठेवलंत. "पावसात ओल भिंतीत शिरते ना, तसं. पिशवीचं आतलं अस्तर भिंतीच्या मांसात शिरलंय. वरचं अस्तर दर महिन्याला सुटतं, वाहून जातं. आत शिरलेल्यालाही महिना कळतो, तेही फुगतं, त्यालाही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर यायला वाट नाही. म्हणून भिंत सुजते, पिशवी जड होते, दुखते." मी विचारलं, मग ते कापून काढत का नाहीत? तेव्हा तुम्ही सांगितलंत की फायब्रॉइडची गाठ वेगळी धरता येते, हे तसं नसतं, ओल भिंतभर पसरलेली असते. खरवडायला जावं तर भिंतच कमजोर होते, आणि मूल वाढायचंय त्याच भिंतीत.

पूर्वी हा आजार बहुतेक वेळा पिशवी काढून ती प्रयोगशाळेत तपासली की मगच कळायचा. आता चांगल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये दिसतो. म्हणजे माझ्या आईच्या आणि तुमच्या वयाच्या किती बायकांनी हे नाव न कळताच दिवस काढले असतील, हा विचार मला अजून सोडत नाही.

सगळ्यात अवघड होतं ते पुढचं. रोजच्या हार्मोनच्या गोळीने दुखणं आणि रक्त दोन्ही आटोक्यात येतं, पण त्या गोळीने अंडंही बनायचं थांबतं. दुखणं थांबवावं तर मूल थांबतं आणि मूल हवं तर दुखणं चालू ठेवायचं. या कोंडीत मी तीन आठवडे होते. तुम्ही सल्ला दिला नाहीत. "तुझा नवरा आणि तू मिळून ठरवा, मी सुई टोचायला आहे," एवढंच म्हणालात. आणि हो, नवऱ्याचीही तपासणी आधी करून आणायला लावलीत. "दोघांचे रिपोर्ट एका फायलीत राहूदेत," म्हणालात. सासूबाई समोर बसल्या होत्या तरी तुम्ही आवाज खाली केला नाहीत.

आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचं, नाव काढल्यावर मी घाबरले होते. तेव्हा तुम्ही केईएमची गोष्ट सांगितलीत. 6 ऑगस्ट 1986 ला तिथे डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं तेव्हा तुम्ही तिथे नव्या होतात, दुसऱ्या वॉर्डात. "मी काही ते बाळ बघितलं नाही हां," हेही लगेच सांगितलंत. पण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे सगळं इतक्या वर्षांपूर्वी होऊन गेलंय, या गोष्टीने मला धीर आला.

2023 च्या सप्टेंबरात इंजेक्शनं सुरू झाली. अकरा दिवस, रोज सकाळी साडेसहाला. रात्री माझ्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी औषधाचा डबा, सकाळी तुमचा दरवाजा उघडा. "इलंस?" म्हणायचात आणि पोटाची कालची टोचलेली जागा बघून दोन बोटं सोडून नवी जागा निवडायचात. अंडी काढण्याआधीचं शेवटचं इंजेक्शन अगदी ठरल्या वेळी द्यावं लागतं, त्यावर पुढचं सगळं बेतलेलं असतं. ते आलं 26 तारखेला रात्री अकराला. गणपतीचे दिवस, आपल्या गल्लीत दर्शनाची गर्दी, ढोल, खिडकीच्या काचा थरथरतायत, आणि तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सिरिंज धरून उभ्या. मिनिटकाटा बारावर आला आणि तुम्ही टोचलंत. तुमचा हात जरासुद्धा हलला नाही.

अंडी काढायची 28 तारखेला, दादरला, आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळपासून रस्ते बंद, टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. आपण तिघं गल्लीबोळांतून करी रोड स्टेशनला गेलो आणि स्लो गाडीने दादर. गाडीत लोक गुलाल लावून चढले होते. तुम्ही माझ्यासमोर दोन्ही हात आडवे धरून उभ्या राहिलात, पोटाला कुणाचा कोपर लागू नये म्हणून. सत्तरीला आलेली बाई, दोन स्टेशनं तशीच. त्या दिवशी अकरा अंडी मिळाली, पुढे त्यांतून तीन गर्भ गोठवून ठेवण्याजोगे झाले.

गर्भ आत सोडण्याआधी सुजलेली पिशवी शांत करतात. त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन, पाळी पूर्ण बंद करणारं. त्या दिवसांत ऑक्टोबरचं ऊन आणि आतून उसळणाऱ्या वाफा, रात्री गॅलरीत लादीवर पडून राहायची मी. तुम्हीही चटई घेऊन यायचात आणि काही न बोलता पडायचात.

फेब्रुवारी 2024 मध्ये पहिला गर्भ रुजला नाही. ऑगस्टमध्ये दुसरा रुजला. सहाव्या आठवड्यात ठोके दिसले. आठव्या आठवड्याच्या तोंडाशी दिसले नाहीत. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचली आहे की डोळे मिटले तरी दिसते. त्या दिवशी तीच वाचत बसले होते आणि मनात एकच, मी तीन जिने चढले म्हणून गेलं. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मी तीस वर्षं वॉर्डात होते. जिना चढून कुणाचं पडलेलं मी बघितलं नाही. ह्या आजारात गर्भ पडण्याचा धोका मुळातच जास्त असतो. तुझ्या पायांनी काही केलेलं नाही." मग तुम्ही पेज करून आणलीत, आमटीची भांडी घासलीत आणि गेलात. मला जवळ घेऊन 'होईल गं सगळं चांगलं' असं म्हणाला नाहीत, त्याबद्दलही मी तुमची ऋणी आहे. ते मला त्या दिवशी सहन झालं नसतं.

आणखी एक सांगायचंच आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मी मागे, दाराशी उभी होते. ओटीचं ताट बायकांच्या हातांतून फिरत आलं आणि माझ्यापाशी येऊन थबकलं. कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही, हात आपोआपच थांबला. तुम्ही खुर्चीवरून उठलात, ताट घेतलंत, माझ्या हातात दिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "आधी हिला भरूदे." मी त्या पोरीची ओटी भरली. तिने वाकून नमस्कार केला. आता तिचा मुलगा रांगायला लागलाय, माझ्या दारात येऊन चपला चावतो.

आता चाळ रिकामी होतेय. रिडेव्हलपमेंटला किती वर्षं लागतील ते होईल तेव्हा खरं. तुम्ही बदलापूरला मुलाकडे, आम्ही भांडुपला भाड्याने. आमचा एक गर्भ शिल्लक आहे, दादरच्या प्रयोगशाळेत उणे 196 अंशांवर, आणि या खेपेचं तिसरं इंजेक्शन तुम्ही गेल्या रविवारीच दिलंत. तुमच्या खोलीत बसायला काही उरलं नव्हतं, बांधलेल्या गाद्यांच्या वळकटीवर मला आडवं केलंत. पावडर औषधात मिसळून कुपी हलवलीत, ते खाली बसायच्या आत द्यावं लागतं म्हणून लगबगीने भरलंत, आणि नवऱ्याला जवळ उभं करून म्हणालात, "बघून ठेव." पुढची तेलातली इंजेक्शनं तो देणार आहे. त्यासाठी तुम्ही त्याला आठवडाभर मोसंब्यावर शिकवलंत. काल रात्री त्याने पुन्हा एकदा मोसंबं घेतलं, सुई सरळ धरली, तुम्ही सांगितलं तसं आधी दांडा मागे ओढून रक्त येत नाही ना बघितलं, मग सावकाश दाबलं. हात थोडा कापत होता, पण जागा बरोबर होती.

तुमचा पेजेचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय. आतल्या झाकणावर तुमच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे, तोच. येत्या रविवारी सकाळच्या बदलापूर गाडीने आम्ही दोघं येतोय. डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या असतील. नव्या कालनिर्णयची पानंही घेऊन येईन, टिंबं तुम्ही बघून घ्या.

तुमची,
समोरच्या खोलीतली